बादलीत विरघळलेला संघ

इरा आणि निहार,

हे मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत माझं सगळं फार नीटनेटकं होऊन बसतं. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्याचा परिणाम. इंग्रजीत मला लाजसुद्धा इस्त्री करून, घडी घालून लिहिता येते, आणि घडी घातल्यावर ती लाज राहत नाही. तेव्हा हे बाबाकडून वाचून घ्या. एखादा शब्द अडला तर त्याला विचारा. त्यालाही अडला तर मला कळवा, मी बघून घेईन त्याच्याकडे.

आत्ताच का, ते आधी सांगते. इरा, गेल्या रविवारी तू व्हिडिओ कॉलवर समोर आली नाहीस. निहार म्हणाला, "आजी, तिने गोल सोडला. पायांमधून गेला बॉल. टीम हरली. मी तुला काल पाठवलेला तोच व्हिडिओ, आता तिच्या वर्गात सगळे बघतायत." मागून तू त्याच्यावर ओरडलीस. मग फोनजवळ आलीस, चेहरा न दाखवता, आणि अगदी हळू म्हणालीस, "आजी, माझं ते फिगरिन करू नकोस. प्लीज. केलं असशील तर मोडून टाक."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण तू बोलत होतीस तेव्हा तुझी तार, म्हणजे मूर्तीच्या आतला तांब्याचा सांगाडा, माझ्या मांडीवर होती. निहारने आदल्या दिवशी व्हिडिओ पाठवला, "इराची मॅच" एवढंच लिहून. मला वाटलं, तू पाठवायला सांगितलं असशील. मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, तो क्षण थांबवून थांबवून बघितला आणि तार वाकवली. गुडघे आत वळलेले, हात खाली यायला निघालेले पण अजून पोहोचलेले नाहीत. वरून मातीने हात जरा पुढे आणले असते, हातमोज्यांत चेंडू दिला असता, म्हणजे तू गोल अडवते आहेस असं झालं असतं. तसा माझा विचार होता.

आता ती तार टेबलावर आहे. मोडायची, माती लावायची, की तशीच ठेवायची, हे मला ठरवता येत नाही. आठवडाभर मी त्या टेबलाला वळसा घालून चालते आहे. आपल्या घरात वळसा घालण्याइतकी जागा नाही, त्यामुळे रोज कोपर आपटतं.

काल संध्याकाळी मैदानावर जाऊन आले. आपल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे ते. तुम्ही मागच्या खेपेला पाहिलं आहे, पण तुम्हाला ते स्कूटर लावायची जागा म्हणूनच आठवत असेल. उरलेल्या भागात आता मॅट घातली आहे. मुली बूट घालून खो-खो खेळतात. गुडघे फुटत नाहीत, फार चांगली गोष्ट आहे. पण मॅटला मैदानाचा वास नाही. तिला नव्या चपलांच्या दुकानाचा वास आहे. मी कडेच्या कट्ट्यावर बसले आणि नाक उगाचच काहीतरी शोधत राहिलं.

मैदान मातीचं होतं तेव्हा उन्हं कलायला लागली की त्यावर पाणी मारायचे. तापलेल्या मातीवर पाणी पडलं की आधी एक फुत्कार यायचा, मग वाफ, मग तो वास. त्यात रेषा आखायच्या पांढऱ्या फक्कीचा कोरडा, नाकात चावणारा वास, वेणीच्या तेलाचा वास, आणि पलीकडच्या गिरणीतून येणारा गरम पिठाचा वास. सदाशिव पेठेत सगळ्यांच्या सगळ्या गोष्टींचा वास सगळ्यांना येतो. मग शिट्टी. मग "खो!" हा शब्द आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायचा आणि कुकरच्या शिट्टीत मिसळायचा. तुमचा बाबा लहान असताना शिट्ट्या मोजताना चुकायचा तो यामुळे. आमच्याकडे त्या वर्षांत वरणाची डाळ कधी मऊ शिजली नाही.

तुमच्यासाठी खेळ सांगते. आठ मुली एका रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळणाऱ्यांचा पाठलाग करते. दमली की बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणते, आणि ती उठून पळते. दोन टोकांना दोन खांब. एवढंच. पण त्यात उठणं आहे, वळणं आहे, हुलकावणी आहे, हवेत सूर मारणं आहे. मी शाळेत असताना खेळायचे, नववीपर्यंत. पुढे का नाही, असं मला कोणी विचारलं नाही आणि मीही नाही.

त्या मैदानावरच्या संघातल्या मुली मी शाडूच्या करायची. वीतभरही नाहीत, जेमतेम चार बोटं उंच. प्रत्येक मूर्ती एका खऱ्या मुलीची. माझी पद्धत अशी होती की तार मैदानावरच वाकवायची. तुमच्या आजोबांनी जुन्या पंख्याच्या मोटरीतून काढलेली तांब्याची तार मी पर्समध्ये घेऊन जायची, दुपदरी करून पीळ द्यायची आणि कट्ट्यावर बसून, मुलीवरची नजर न काढता, मांडीवर वाकवायची. बोटांकडे बघायचं नाही. बघितलं की बोटं हुशारी करायला लागतात. घरी आल्यावर मग माती, मग वाळवण, मग रंग.

चेहरे मला कधी जमले नाहीत. तार होती तोवर ती पोरगी असायची, आणि डोळे काढले की तिची गौर व्हायची. सगळ्यांना गौरीच्या मुखवट्याचे डोळे. संघाची कप्तान वैशाली, जिची जीभ तिच्या पायांइतकीच वेगात चालायची, एकदा सगळी रांग बघून म्हणाली, "काकू, आम्ही सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतोय. आमच्या आईला कळवू का?"

माती भाद्रपदाच्या आधी यायची, गोणपाटात, मोरीच्या खाली. भिजवलेल्या शाडूला नव्या माठातल्या पाण्याचा वास असतो. ओला कपडा टाकून ठेवायची, आणि तो कपडा उचलला की मधल्या खोलीत एकदम गारवा यायचा. उन्हात गॅलरीत फळीवर मुली वाळत पडायच्या, शेजारी सांडगे. पिवळा रंग एका वाटीत, किरमिजी दुसऱ्या वाटीत. पिवळी बनियन, तिच्या पाठीवर नंबर, किरमिजी अर्धी चड्डी, हा त्यांचा पोशाख. दिवाळीत तुमचा बाबा अंगणात किल्ला करायचा. त्यावर अळीव उगवलेले असायचे, बुरुजावर मावळे, आणि पायथ्याशी माझा खो-खोचा संघ. लोक किल्ला बघायला यायचे. मावळ्यांबद्दल बोलायचे, बुरुजांबद्दल बोलायचे. पायथ्याशी आले की जरा गप्प व्हायचे.

कारण पाय. मांड्या. मी मातीच्या मांड्या करत असले आणि दारावरची बेल वाजली, की पहिली गोष्ट म्हणजे फळीवर नॅपकिन टाकायची. दूधवाला असला तरी. कॉलेजात नखांतली माती बघून कोणी विचारलं की मी "पीठ आहे" म्हणायची. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने कुंभारकाम करावं, तेही उघड्या पायांच्या पोरींचं, याची मला लाज वाटायची. त्या मुली मात्र अंगणातून चड्डीवरून परकर ओढत, हसत यायच्या, माझ्या स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या आणि नॅपकिन उचलून स्वतःला शोधायच्या.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे, तुमच्या बाबाचे आजोबा. पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या आयुष्यात प्रत्येक गोष्टीला पत्ता होता आणि ती त्या पत्त्यावर पोहोचली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. सुरुवातीला ते फळीजवळून जाताना छताकडे बघत जायचे. एकदा त्या नादात स्टुलाला अडखळले. मी धावले, तर म्हणाले, "मी ठीक आहे. तू तुझं ते झाकून ठेव." पुढे छताऐवजी ते खिडकीकडे बघायला लागले. मग एके दिवशी पोह्याची बशी हातात घेऊन फळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ही डावखुरी आहे का गं?"

"हो, अण्णा."

"मग बरोबर आहे," म्हणाले, आणि पोहे खात आत गेले. त्यानंतर मी अण्णांसमोर नॅपकिन टाकला नाही.

त्या वर्षी संघ जिल्ह्यात पहिला आला. अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. मी तारा घेऊन कट्ट्यावर बसले होते, एकेक पोरगी वाकवत. पाणी जास्त मारलं गेलं होतं. नंदा नावाची एक मुलगी होती, उंच, सडपातळ, बोलायला अगदी कमी. ती बचावाला पहिल्या तुकडीत उतरली आणि मधल्या रांगेजवळ तिचा पाय सरकला. कोणी शिवलं नाही, कोणी अडवलं नाही. आपली आपण पडली, कुशीवर, एक हात अंगाखाली. समोरच्या संघातली मुलगी चालत आली आणि तिच्या डोक्याला हात लावून गेली. धावलीसुद्धा नाही. कोणीतरी हसलं. माझी बोटं तेव्हा तिचीच तार वाकवत होती.

संघ जिंकला, ढोल वाजला, पेढे वाटले. पडून कोणी हरलं असतं तर चारजणी जवळ आल्या असत्या. जिंकलेल्या संघात पडलेल्या मुलीजवळ कोणी येत नाही. ती खांबाला टेकून कोपरावरची माती काढत बसली होती. मी निघाले तेव्हा मागून आली.

"काकू, मला करणार आहात?"

"सगळ्यांना करणार."

"पडलेली नका दाखवू."

"नाही गं. सूर मारताना करीन."

आणि तसंच केलं. तारेला हात लावला नाही, पुन्हा तसा वाक आला नसता. वरून माती लावली, अंगाखालचा हात मातीने पुढे लांबवला, कुशीखाली जमिनीचा उंचवटा केला, आणि पडलेल्या पोरीचा सूर झाला. नंदाने तो बघितला आणि बराच वेळ फळीजवळ उभी राहिली.

गणपतीत अण्णाच म्हणाले, "यंदा मखर नको. थर्माकोलचे खांब बघून कंटाळा आला. त्या मुली ठेव बाप्पासमोर. जिंकल्या आहेत." मी म्हटलं, "अण्णा, देवासमोर?" तर म्हणाले, "मग कोणासमोर ठेवणार? महापौरासमोर?" पाटावर पांढरं कापड घातलं, मध्ये शाडूचा गणपती, त्याच्या पायाशी दोन खांब आणि सगळा संघ. प्रतिष्ठापनेला अण्णांनी देवाला अक्षता वाहिल्या आणि उरलेल्या मुलींवर टाकल्या. आरतीला संघ आला होता. स्वतःवरच अक्षता पडलेल्या बघून त्या एकमेकींना चिमटे काढत होत्या. ठरलं असं की पाचव्या दिवशी विसर्जन झालं की संध्याकाळी मुली येतील आणि आपापली मूर्ती घरी नेतील.

पाचव्या दिवशी मला कॉलेजात परीक्षेचं काम होतं. तुमचे आजोबा फिरतीवर. अण्णांचे गुडघे दुखायचे, म्हणून आम्ही नदीवर न जाता घरीच बादलीत विसर्जन करायचो. आता सगळेच करतात. तेव्हा शेजारी विचारायचे, "बाप्पाला आंघोळ घालता की निरोप देता?" मी दिवेलागणीच्या आधी घरी आले. उदबत्तीची राख, शिळी दूर्वा, केळ्यांचा पिकट वास. मोरीत बादली, तिच्यावर दुसरा पाट झाकलेला. आणि पांढरं कापड रिकामं, खांबांच्या जागी दोन गोल डाग.

अण्णा वर्तमानपत्र वाचत होते.

"अण्णा, मुली कुठायत?"

"गेल्या."

"कुठे गेल्या?"

"देवाबरोबर." त्यांनी पान उलटलं. "पाच दिवस एका पाटावर बसल्या, अक्षता घेतल्या, नैवेद्याला हजर राहिल्या. देवाला पाठवायचं आणि त्यांना मागे ठेवायचं, असं कसं? एकेकीला नीट निरोप दिला. प्रत्येकीला 'पुनरागमनाय च' म्हणालो."

"अण्णा, त्या न्यायला येणार आहेत. आत्ता."

वर्तमानपत्र खाली आलं. "कोण?"

"मुली."

"कुठल्या मुली?"

"खऱ्या."

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग तिची आणखी घडी, मग आणखी, इतकी की ते पाकिटाएवढं झालं. मी मोरीत गेले आणि पाट उचलला. बाप्पाची पाठ आणि एक कान अजून पाण्यावर होता. मुली चार बोटांच्या, त्या केव्हाच विरघळल्या होत्या. करड्या पाण्यावर पिवळा तवंग, त्यात किरमिजी धागे हळूहळू फिरत होते. मला रडू आलं नाही. मला वाटलं की कोणी यायच्या आत पाट पुन्हा झाकून टाकावा. नॅपकिनची सवय.

मुली आल्या तेव्हा जिना वाजला. त्या जिन्यावरून सावकाश येणं त्यांना माहीतच नव्हतं. कोणी गजरा घातला होता, एकीने मूर्ती ठेवायला बुटांचा खोका आणला होता, आत कापूस. अण्णा आत गेले. मला वाटलं, आता येणार नाहीत. पण ते टोपी घालून बाहेर आले. काळी टोपी ते लग्नाला आणि सुतकाला घालायचे.

"मुलींनो, चूक माझी आहे," ते उभ्यानेच म्हणाले. "तुमच्या मूर्ती मी विसर्जित केल्या. सूनबाईला यातलं काही माहीत नव्हतं."

खोकावाली खोक्याकडे बघत राहिली.

"सगळ्या?" वैशालीने विचारलं.

"सगळ्या."

"खांब पण?"

"खांबसुद्धा."

"मग आजोबा, आमचं पुनरागमन कधी?"

तेव्हा सगळ्या फुटल्या. हसताना त्या एकमेकींवर पडत होत्या, दाराला धरून हसत होत्या. अण्णा तसेच उभे. त्यांची मान लाल झाली होती. आयुष्यात एकही पाकीट चुकीच्या दारात टाकलं नाही असा माणूस, आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरी त्याच्यासमोर हसत होत्या. मी म्हटलं, "हसू नका गं." अण्णा मला म्हणाले, "हसू दे त्यांना." पण टोपीखालच्या त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी गॅसकडे वळले आणि रिकामं पातेलं चढवलं.

"बघू तरी," वैशाली म्हणाली. "आम्ही आता कशा दिसतोय ते."

सगळ्या मोरीच्या दारात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. बाप्पाचा कान तोवर गेला होता. कोणाचा हात पुढे होईना. देव होता ना त्यात.

"उत्तरपूजा झाली की देव जातात," अण्णा मागून म्हणाले. "मग उरते ती माती. घाला हात." आणि मग स्वतःशीच, फार हळू: "मग देव गेल्यावर मुलींना तरी मी का..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

वैशालीने बाही वर करून हात घातला आणि तळातून एक तार काढली. मी तारा विसरलेच होते. माती गेली, रंग गेला, ते गौरीचे डोळे गेले, आणि तांब्याची नुसती पोरगी हातात आली, पाणी निथळत. एक पाय मागे ताणलेला, खांद्यातून पुढे झेपावलेली.

"ए, ही मी!" वैशाली ओरडली.

"तूच. तुझाच तो बैलासारखा खांदा," मागून एक म्हणाली.

मग दुसरी, मग तिसरी. तार वर आली की नाव यायचं. ही सुमन, उकिडवी बसली तरी टाच उचललेली. ही डावखुरी. ही खांबाला गिरकी घेणारी. चेहरे होते तेव्हा त्या स्वतःला ओळखायला नंबर शोधायच्या. आता कोणी विचारत नव्हतं. पाय बघून ओळखत होत्या, गुडघे बघून, मांड्या बघून, मोठमोठ्याने नावं घेत होत्या, आणि अण्णा तिथेच उभे राहून बघत होते, छताकडे नाही, खिडकीकडे नाही.

आणि मग एक तार आली जी कुशीवर होती. एक हात अंगाखाली.

मी मातीने केलेला सूर पाण्यात गेला होता, आणि खाली पडणंच राहिलं होतं. सगळ्यांनी ते मैदानावर पाहिलं होतं, तरी सगळ्यांनी ते आत्ता पाहिलं. मला वाटलं, जमीन फाटावी. एका पोरीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि माझ्या घरच्या बादलीतून तिचीच लाज सगळ्यांसमोर वर आली होती. अण्णांना काही माहीत नव्हतं, ते एकेकीच्या तोंडाकडे बघत होते.

नंदाने हात पुढे केला. "ती माझी आहे. पडले तेव्हाची."

वैशालीने तार तिच्या हातात दिली.

"नंदा," मी म्हटलं, "मी पुन्हा माती लावते. सूरच करते. कळणार नाही."

तिने तार ओढणीला पुसली, तळव्यावर ठेवली, फिरवून बघितली. "हात असा खाली गेला होता होय," म्हणाली. "म्हणूनच दुखत होता." मग मला म्हणाली, "माती नको, काकू. अशीच नेऊ?"

जिने खोका आणला होता, तिने तो पुढे केला. कापसावर ती तार ठेवली, आणि झाकण लावायच्या आधी बाकीच्या सगळ्या वाकून बघत होत्या. कोणी हसलं नाही. कोणी "अरेरे" म्हटलं नाही, त्याचं मला जास्त बरं वाटलं. सुमन म्हणाली, "त्या दिवशी पाणी कोणी मारलं होतं, त्याला आधी बादलीत घालायला हवं," आणि मग चहा झाला.

बाकीच्यांच्या तारा, पुन्हा माती लावून त्यांना द्यायच्या म्हणून, माझ्याकडे राहिल्या. त्याच बादलीतली माती निवळू दिली, फडक्यावर घेतली, मळली. त्यात बाप्पाही होता, आता कोण कुठे हे सांगता येत नव्हतं. अण्णा स्टूल ओढून समोर बसले, हात धुऊन, आणि मातीतले दूर्वांचे तुकडे वेचून काढत राहिले. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. ते माफ कर म्हणाले नाहीत, मी असू दे म्हटलं नाही. पण पुढे कितीतरी दिवस, मी फळीवर बसले की ते टोपी घालून यायचे आणि मगच दूर्वा वेचायला बसायचे. ती टोपी बघितली की मी मान खाली घालून माती मळायला लागायची. तुमचे आजोबा फिरतीवरून आले तेव्हा म्हणाले, "अण्णा, लग्न आहे का कोणाचं?" अण्णा म्हणाले, "आहे. तू नाहीस निमंत्रितांत."

तो काळ कुठे गेला, असं मी विचारत नाही. वर्गात मुली असं लिहायच्या तेव्हा मी समासात प्रश्नचिन्ह करायची. तो गेला, एवढं मला माहीत आहे. गॅलरीला आता काच आहे, तिथे माती वाळत नाही. मोरीचं बाथरूम झालं. गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. अण्णा गेले, आजोबा गेले. शाडू भाजलेला नसतो, तो टिकत नाही. मुलींनी नंतर नेलेल्या मूर्ती लग्नात, घरं बदलताना, पुसताना फुटल्या असणार. काल कट्ट्यावर बसून मी मॅटवरच्या मुलींना बघत होते. पर्समध्ये तार होती. काढली नाही. कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे. अजूनही.

इरा, आता तुझी तार. आधी मी ती मोडायला घेतली होती, तुला "बरं" म्हटलं होतं म्हणून. एक गुडघा सरळ केला आणि थांबले. सरळ केल्यावर ती तू राहिली नाहीस. मग तो परत होता तसा वाकवला, आणि तू सांगितलेलं मी ऐकलं नाही याची मला लाज वाटते, तेही इथे लिहून ठेवते. माती मात्र लावणार नाही. तुझा हात मातीने पुढे आणून चेंडू अडवला असं मी करणार नाही, तू स्वतः म्हटल्याशिवाय. व्हिडिओ मी काढून टाकला आहे. निहार, तूही टाक.

तार मोडायची असेल तर तूच मोड. बाबा दिवाळीत येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवते, कापसात घालून. तांबं मऊ असतं, तुझ्या हातांनी सहज मोडेल. ठेवायची असेल तर आत वळलेल्या उजव्या गुडघ्याकडे बघ. चेंडू येण्याआधीच तो आत गेला होता. हे तुझ्या कोचला दाखव, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच दिसलं.

त्या संघातलं माझ्याकडे काहीच राहिलेलं नाही. पंख्यातल्या तारेचं वेटोळं आहे, निम्म्याहून जास्त. बोटं सकाळी ताठतात, दहा वाजेपर्यंत मोकळी होतात. चेहरा मला तेव्हाही येत नव्हता, आताही येत नाही. गुडघा अजून जमतो.

— आजी